घरोघरीचे दप्तर : पत्रे, बोरू आणि झरणी

यंदाच्या स्मरणिकेत आपल्या मंडळाचा पूर्वेतिहास द्यावा असे संपादक मंडळाने ठरविले आणि त्याकरिता घाटंजी व आसपासच्या गावांतील जुन्या कुटुंबांकडे चौकशी करण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे सोपविले. चौकशी पुष्कळ केली. आरंभीचे मेळावे कोठे भरले, वर्गणी किती होती, मुलांच्या वसतिगृहाची कल्पना प्रथम कोणी मांडली, याविषयी प्रत्येक घरी निराळी हकीगत ऐकावयास मिळाली. लेखी पुरावा मात्र एकाच घरी सापडला. तारेत ओवलेल्या पत्रांच्या अगदी तळाशी सभेच्या सूचनेचे एक पोस्टकार्ड राहिले होते. त्यावर तिथी व वार आहे, साल नाही. आणखी दोन घरी पत्रांनी भरलेल्या ट्रंका होत्या असे समजले, परंतु जुनी माडी उतरवून स्लॅबचे घर बांधताना त्या रद्दीच्या भावाने गेल्या. सबब मंडळाचा इतिहास लिहिण्याऐवजी, तो ज्या साधनांवरून लिहिता आला असता त्या साधनांचीच थोडी हकीगत ज्ञातिबांधव व भगिनींपुढे ठेवीत आहे.

हाताने पत्र लिहिणे व शाईचे पेन वापरणे या दोन्ही गोष्टी आता आपल्यातून जवळजवळ गेल्या. त्या येथे आल्या केव्हा व कशा, हे प्रथम पाहू.

महाराष्ट्रात हस्तलेखनाकडे एक शास्त्र म्हणून पाहण्याची रीत जुनी आहे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेस वाहिला आहे. अक्षर वाटोळे व मोकळे असावे, ओळी सरळ असाव्यात, आरंभी जसे अक्षर तसेच शेवटी असावे, इत्यादी सूचना त्यात आहेत. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते कामास येत नाही, असा व्यवहारी सल्लाही आहे. चाळिशी लावूनही पौत्राच्या वहीतील अक्षर न दिसणाऱ्या आमच्यासारख्यांस त्यातील मर्म चटकन कळते. त्या काळची लेखनसामग्री साधी होती. बोरूची काडी चाकूने तासावयाची, टोकाला तिरपा छेद द्यावयाचा व मधोमध बारीक चीर पाडावयाची. काजळ व डिंक घोटून शाई करावयाची. कागद जुन्नरचा किंवा दौलताबादकडचा. शाई सुकावी म्हणून वर बारीक वाळू टाकीत. दोन-अडीचशे वर्षांचे कागद उलगडताना ती वाळू आजही बोटांना लागते, असे दप्तरे चाळणारे सांगतात.

व्यवहाराची लिपी मोडी. यादवांचा प्रधान हेमाद्री याने ती रूढ केली अशी परंपरा आहे. पानभर आडवी रेघ आधी ओढून घ्यावयाची आणि तिला अक्षरे लटकवीत जावयाचे. हात शक्यतो उचलावयाचा नाही. शिवकाल व पेशवाईतील राज्यकारभार या लिपीतील पत्रांवर चालला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला आणि पुढे एकंदर बावीस खंड काढले, ते बहुतांशी लोकांच्या घरी माळ्यांवर, हंड्यांत व पेटाऱ्यांत पडून असलेल्या पत्रांच्या जोरावर. वाण्याच्या पुड्यांस लागण्यापूर्वी कागद गाठण्यासाठी हा मनुष्य गावोगाव हिंडला. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. पुढे रियासतकार सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग संपादिले. मराठ्यांचा इतिहास आज आपण ज्या तपशिलाने सांगतो तो तपशील पत्रांचा आहे. बखरींवर विसंबून राहिलो असतो तर त्यातील निम्मा भाग दंतकथाच राहिला असता.

परंतु येथे एक गोष्ट आपल्यापुरती ध्यानात घेतली पाहिजे. ही दप्तरे कोणाची? सरदारांची, देशमुख-देशपांड्यांची, कुळकर्ण्यांची, सावकारांची. ज्या घरी लिहिणे होते त्या घरी दप्तर राहिले. ज्या जातींच्या हाती नांगर, माग, हातोडा किंवा तराजू होता, त्यांच्याविषयी त्या कागदांत जे आहे ते दुसऱ्याने लिहिलेले आहे, आणि तेही बहुधा वसुलीच्या अथवा तंट्याच्या निमित्ताने. आपल्या पणजोबांस काय वाटत होते हे त्यात शोधून सापडावयाचे नाही. बहुजन समाजाच्या घरात त्याच्या स्वतःच्या हातचा कागद आला तो गावात शाळा आल्यावर व स्वस्त टपाल आल्यावर. म्हणजे आपले दप्तर जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांचे. ते एवढेसे असताना आपण ते रद्दीत घालीत आहोत.

टपाल स्वस्त कसे झाले तेही सांगितले पाहिजे. पूर्वी अंतरावर हशील असे. लांबचे पत्र श्रीमंतालाच परवडे. १ ऑक्टोबर १८५४ पासून साऱ्या हिंदुस्थानात अंतर न पाहता वजनावर आकार सुरू झाला. हलक्या पत्रास अर्धा आणा पुरे होऊ लागला. १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले आणि पत्र खऱ्या अर्थाने गरिबाच्या दारी आले. कार्डाला पाकीट नको, वेगळा कागद नको. लिहिण्याची जागा थोडी, म्हणून ज्याला चार ओळींपेक्षा जास्त सुचत नाही त्यालाही लाज नाही. १८८० पासून मनीऑर्डर आली. तिच्या खालच्या चिठ्ठीवर दोन ओळी लिहावयास जागा असे. गिरणीत किंवा खाणीत गेलेल्या कितीएक माणसांचा घराशी सारा पत्रव्यवहार त्या दोन ओळींत झालेला आहे. आंतर्देशीय पत्र २ ऑक्टोबर १९५० रोजी आले. लेकीसुनांना ते विशेष सोयीचे झाले, कारण कार्ड वाटेत सर्वांना वाचता येई, हे मिटलेले असे.

साध्या माणसाच्या पत्रात इतिहास तो काय असणार, असे कोणी म्हणेल. त्याला सावित्रीबाई फुले यांनी जोतीरावांस लिहिलेली तीन पत्रे दाखवावीत. पहिले १० ऑक्टोबर १८५६ चे, माहेरगावाहून, नायगावहून. सावित्रीबाई आजारपणासाठी माहेरी गेल्या आहेत. भाऊ म्हणतो की महार-मांगांस शिकविण्याचे हे काम सोडा, गावात नाव जाते. आणि बहीण त्याला समोरासमोर उत्तर देते. दुसरे २९ ऑगस्ट १८६८ चे. गावात एका ब्राह्मण तरुणाचे व एका अस्पृश्य मुलीचे प्रेम उघडकीस आले. लोक त्या दोघांना मारावयास निघाले असता सावित्रीबाई मध्ये पडल्या व त्यांना वाचवून गावाबाहेर काढले, त्याची हकीगत. तिसरे २० एप्रिल १८७७ चे, जुन्नरकडील ओतूरहून, भर दुष्काळात लिहिलेले. माणसे व जनावरे अन्नपाण्यावाचून कशी तडफडत आहेत व सत्यशोधक मंडळी कोणती मदत करीत आहेत, हे त्यात आहे. दुष्काळाचे सरकारी अहवाल जाडजूड आहेत, परंतु त्या उन्हात उभे राहून पाहणारी बाई त्या अहवालांत नाही.

आम्हां मास्तरांना त्या पत्रांतील आणखी एक शब्द मोलाचा वाटतो. पतीस लिहिताना त्या काळच्या रीतीप्रमाणे मायना 'तीर्थरूप' असा यावयाचा. सावित्रीबाईंनी तेथे 'सत्यरूप' लिहिले. एका शब्दात त्या संसाराचे सारे नाते आले. छापील चरित्रात हे कोणी सांगितले असते तर आपण अलंकार म्हणून सोडून दिले असते.

मायन्यांचा विषय निघाला आहे तर त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आजच्या तिशीच्या आतील वाचकांस ही अक्षरे कोड्यासारखी वाटतात. माथ्यावर 'श्री'. मग वडिलांस 'ती. रू.', म्हणजे तीर्थरूप; मुलास 'चि.', मुलीस अथवा सुनेस 'चि. सौ. कां.'; परक्या गृहस्थास 'रा. रा.', म्हणजे राजमान्य राजश्री. विधवेस 'गं. भा.', म्हणजे गंगा भागीरथी. हा शेवटचा मायना गेला ते उत्तम झाले. टपालवाल्यापासून शेजाऱ्यापर्यंत सर्वांस त्या बाईचे दुःख जाहीर करण्याचे काही कारण नव्हते. त्यानंतर वडीलधाऱ्यांस 'सा. न. वि. वि.', म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष, धाकट्यांस 'अ. उ. आ.', म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद. पुढे इकडील क्षेम, तिकडील क्षेमाची इच्छा, मग पाऊसपाणी, पीक, कापसाचा भाव, कोण आजारी, कोणाकडे काय झाले, आणि मग मुख्य काम. शेवटी 'कळावे, लोभ असावा'. सही झाल्यावर काही आठवले की 'ता. क.', ताजा कलम. आमचा अनुभव असा की पत्रातील खरी गोष्ट पुष्कळदा ताज्या कलमात असे. पानभर पाऊस व सोयाबीन, आणि खाली अर्ध्या ओळीत, आईला आता ओळखू येत नाही.

हे सारे ठरीव साचे होते यात शंका नाही, आणि म्हणूनच ते उपयोगी होते. ज्याला भाषा सुचत नाही त्याला साचा आधार देतो. शिवाय साच्यात काही मुद्दाम गाळले तर तेही बोलत असे. आमच्या नात्यातील एका मुलीची गोष्ट सांगतो. सासरी तिचे प्रत्येक पत्र टाकण्यापूर्वी वाचले जाई. लग्नापूर्वीच मायलेकींनी ठरवून ठेवले होते की सर्व ठीक असेल तर पत्रात गोठ्यातील कपिलेची चौकशी करावयाची. एक पत्र असे आले की त्यात सर्वांची चौकशी होती, कपिलेची नव्हती. बाप दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस्. टी.ने निघाला. त्या पत्रात वाचणाऱ्याला आक्षेपार्ह असे एक अक्षर नव्हते.

मृत्यूच्या वार्तेचे कार्ड निराळे ओळखू येई, कारण त्याचा कोपरा फाडलेला असे. ते घरात आणीत नसत. उंबऱ्याबाहेर वाचून फाडून टाकीत व स्नान करीत. यामुळे एक चमत्कारिक गोष्ट झाली आहे. आपल्या घरांतील पत्रांत जन्म, बारशी, लग्ने, स्थळांची टिपणे पुष्कळ सापडतात, पण मरणे सापडत नाहीत. घराण्याचा वंशवृक्ष तयार करू पाहणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. माणूस पत्रांतून नाहीसा होतो तो त्याच्याविषयीचा 'नमस्कार सांगा' बंद होतो तेथे.

ज्याला लिहिता येत नसे त्याचे पत्र मास्तर, पोस्टमन अथवा शाळेतील मोठा मुलगा लिहून देई. आपला तालुका तेलंगणाच्या सीमेला लागून. घरी कोणी कोलामी बोलतो, कोणी गोंडी, कोणी बंजारा बोली, कोणी तेलुगू. पत्र मात्र मराठीतून जाई. प्रस्तुत लेखकाने खेड्यांतील नोकरीत अशी शेकडो पत्रे लिहून दिली. सांगणारी म्हातारी जमिनीवर बसून आपल्या बोलीत बोलत असे; वणीच्या कोळसाखाणीत असलेल्या मुलाला ती शिव्याही देई, मध्येच रडे. आम्ही ते साच्यात बसवून 'मुलास अनेक आशीर्वाद, खर्चास पाठविणे' असे लिहीत असू. वाचून दाखविल्यावर ती म्हणे, मी एवढं बोलली अन् तू एवढंच लेहलं का रे बाबू? तेव्हा शिव्याही थोड्या घालाव्या लागत. उत्तर आले की ते वाचून दाखविण्याचे कामही आमच्याचकडे. त्यातील बरेच काही आम्हांस माहीत आहे व ते आमच्याबरोबरच जाईल.

आता लेखणीकडे वळू. बोरू आमच्या पिढीने शाळेत कित्ता गिरविण्यापुरता पाहिला. त्यानंतर टाक, म्हणजे लाकडी दांडीला बसविलेले पोलादी निब. ते दर दोन-तीन शब्दांनी दौतीत बुडवावे लागे. शाईची पूड किंवा वडी बाजारात मिळे, ती पाण्यात विरघळवून शाई होई. या धंद्यात एका मराठी घराण्याने मोठे नाव मिळविले. दि. प. दांडेकर यांनी आपल्या बंधूंसह १९३१ साली मुंबईत गिरगावात 'हॉर्स ब्रँड' शाईची पूड व वड्या तयार करण्यास प्रारंभ केला. पुढे झरणीसाठी 'कॅमल' शाई काढली आणि त्या नावावरून कंपनी 'कॅम्लिन' झाली. स्वदेशीच्या त्या दिवसांत परदेशी शाईशी टक्कर देणे सोपे नव्हते. २०११ साली त्या कंपनीतील मोठा हिस्सा जपानच्या कोकुयो कंपनीने घेतला. तथापि मुलांच्या कंपासपेटीवरील उंट अजून मराठी घरांस आपलाच वाटतो.

फौंटनपेनाला भाषाशुद्धीवाल्यांनी 'झरणी' असा गोड शब्द दिला. लोकांनी तो पुस्तकात ठेवला आणि तोंडी 'शाईचा पेन' म्हटले. पोटातच शाई घेऊन हिंडणारी ही लेखणी अमेरिकेत लुई वॉटरमन याने १८८४ साली भरवशाची केली. तिची युक्ती अशी की निबेखालच्या पट्टीला बारीक खाचा असतात. त्यांतून शाई बेताने खाली उतरते आणि तेवढीच हवा वर जाते. हवा गेली नाही तर शाई उतरत नाही, आणि हवा जास्त झाली तर पेन गळते. आपल्या यवतमाळकडील उन्हाळ्यात पांढऱ्या सदऱ्याचे खिसे निळे होत त्याचे कारण हेच. पेन निम्मे रिकामे असले म्हणजे आतील हवा उन्हाने फुगून शाईला बाहेर ढकलते. म्हणून जाणते लोक वैशाखात पेन नेहमी काठोकाठ भरून, निब वर करून खिशाला लावीत. मुले मात्र परीक्षेच्या दिवशी ड्रॉपरने चार थेंब शाई एकमेकांस उसनी देत. ते कर्ज कोणी फेडल्याचे ऐकिवात नाही.

झरणीच्या इतिहासात आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्याला एक जागा आहे. ग्रामोद्योग संघाचे ठाणे वर्ध्यास होते व जे. सी. कुमारप्पा त्याचे काम पाहत. आंध्रातील राजमहेंद्री येथील के. व्ही. रत्नम यांनी बनविलेले स्वदेशी पेन कुमारप्पांमार्फत गांधीजींकडे आले. गांधीजींनी ते वापरून पाहिले आणि १६ जुलै १९३५ रोजी वर्ध्याहून रत्नम यांस पत्र लिहून ते परदेशी पेनांस चांगला पर्याय असल्याचे कळविले. गांधीजींचा जीव खरे म्हणजे बोरूवर होता. वाईट अक्षर हे अपुऱ्या शिक्षणाचे लक्षण होय, असे त्यांनी आत्मकथेत स्वतःच्या अक्षराविषयी खेद करून लिहिले आहे. मुलांना आधी चित्र काढावयास शिकवावे व मग अक्षर, असेही त्यांचे मत होते. आम्ही नोकरीभर ते मत मानले. उजवा हात दुखू लागला की गांधीजी डाव्या हाताने पत्रे लिहीत, एवढा त्यांचा पत्रव्यवहार.

त्या पत्रव्यवहाराने तर एका गावाचे नाव बदलले. १९३६ साली ते वर्ध्याजवळच्या ज्या खेड्यात राहावयास गेले त्याचे नाव शेगाव. आता वऱ्हाडात शेगाव म्हटले की सर्वांच्या डोळ्यांपुढे गजानन महाराजांचे शेगाव येते, आणि टपालखात्याच्याही तेच आले. महात्माजींची पत्रे बुलढाणा जिल्ह्यात जाऊ लागली. अखेर १९४० साली वर्ध्याच्या शेगावचे 'सेवाग्राम' झाले. हे नाव केवळ सेवाभावातून निघाले असे मुलांना शिकविले जाते. पत्ता चुकू नये हाही त्याचा हेतू होता, हे सांगितल्याने त्या नावाची थोरवी कमी होत नाही.

लेखणीचा दरारा त्या पिढीत केवढा होता याची एक खूण म्हणजे लोकमान्यांस मंडालेच्या तुरुंगात शाई देत नसत. गीतारहस्याचा सारा मजकूर त्यांनी पेन्सिलीने वह्यांत लिहिला. ग्रंथ छापून निघाला तो १९१५ साली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस उत्तम पेनांचा शौक होता हे सर्वश्रुत आहे. भारताची राज्यघटनाही मूळ प्रतीत छापलेली नसून हाताने लिहिलेली आहे. इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांच्या हातची. हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी पुण्याच्या हातकागदावर लिहिली.

यानंतरची हकीगत थोडक्यात आटोपते. हंगेरीतील लास्लो बिरो याने १९३८ साली बॉलपेनचे पेटंट घेतले. आपल्याकडे ते स्वस्त होऊन खेडोपाडी पोचावयास आणखी तीन-चार दशके लागली. अक्षर बिघडते म्हणून शाळांनी पुष्कळ दिवस त्याला बंदी केली, ती टिकली नाही. खरे सांगावयाचे तर अक्षर बॉलपेनने बिघडले नाही. लिहिण्याची घाई वाढली व कित्ता सुटला, त्याने बिघडले. पुढे पिवळ्या पाटीचे एस्. टी. डी. बूथ आले. ३१ जुलै १९९५ रोजी देशातील पहिले मोबाइल संभाषण कलकत्ता व दिल्ली यांमध्ये झाले. पंधरा-वीस वर्षांत तो दूरध्वनी गुराख्याच्याही हाती आला. तारखाते जुलै २०१३ मध्ये बंद झाले आणि १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर टपालही स्पीड पोस्टात विलीन झाले.

आमचे तरुण बंधू म्हणतील, मास्तर, पुण्याची बातमी आता क्षणात कळते, नातवाचे तोंड दिसते, मग रडता कशाला? त्यांचे म्हणणे सोळा आणे खरे आहे. ज्या आईला मुलाच्या अपघाताची बातमी कार्डाने आठ दिवसांनी कळली, तिला पत्राचे गोडवे सांगण्याची छाती आम्हांस नाही. आमचे म्हणणे वेगळे आहे. फोनवर बोललेले वाऱ्यावर जाते, आणि मोबाइलवर लिहिलेले यंत्र बदलले की बहुधा जाते. पुढे पन्नास वर्षांनी आपल्या नातवंडांनी या काळातील आपले घर कसे होते हे शोधू म्हटले तर त्यांना छायाचित्रे हजारो सापडतील, पण मनातले लिहिलेले पान एकही सापडणार नाही. सरदारांची दप्तरे आहेत, सरकारची आहेत, कंपन्यांची राहतील. पुन्हा एकदा आपलेच राहणार नाही.

मागचे जे उरले आहे ते तरी ओळखता यावे म्हणून काही खुणा देतो. पुष्कळ पत्रांवर साल नसते. ते पत्त्यावरून व तिकिटावरून काढता येते. यवतमाळ जिल्ह्याचे नाव १९०५ पर्यंत वणी जिल्हा असे होते; पत्त्यात तसे असल्यास पत्र त्यापूर्वीचे समजावे. 'मध्यप्रांत व वऱ्हाड' असेल तर १९५० च्या आधीचे. १९५० ते १९५६ या काळात आपण मध्यप्रदेशात होतो, १ नोव्हेंबर १९५६ पासून मुंबई राज्यात, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. तिकिटावर आणे असतील तर छपाई १ एप्रिल १९५७ पूर्वीची. 'नये पैसे' असतील तर त्यानंतरची, १९६४ पर्यंतची, कारण त्या साली 'नये' हा शब्द गेला. पत्त्यात ४४५ ने सुरू होणारा पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे. वर उल्लेखिलेल्या सभेच्या कार्डावर 'महाराष्ट्र राज्य' आहे व 'नये पैसे' आहेत. म्हणजे ते १९६० ते १९६४ या दरम्यानचे ठरते. तिथीसोबत वार दिलेला असल्याने त्या चार-पाच वर्षांची पंचांगे मिळाली की सालही नक्की करता येईल. जुनी पंचांगे कोणाकडे असतील तर कळवावे.

पत्रे ठेवण्याबद्दल दोन शब्द. तारेचा गंज कागद खातो, म्हणून तारेतून काढून घ्यावीत. प्लास्टिकच्या पिशवीत दमट होतात. स्वच्छ सुती कापडात बांधून जमिनीपासून उंच ठेवावीत, आणि दरसाल पावसाळा संपल्यावर सावलीत पसरून हवा द्यावी. लॅमिनेशन कदापि करू नये, तसेच फाटलेल्या घडीवर चिकटपट्टी लावू नये. शाईच्या पेनाने लिहिलेले अक्षर पाण्याच्या एका थेंबाने पसरते व उन्हाने विटते, हेही ध्यानात असावे. मोबाइलने दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढून ठेवणे सर्वांत सोपे. पत्त्याची बाजू मात्र विसरू नये.

आजोबा-पणजोबांचे कागद मोडीत असतील तर वाचता येत नाहीत म्हणून टाकू नयेत. १९५० च्या सुमारास मोडी शाळा-कचेऱ्यांतून उठली, त्यामुळे घरात ती वाचणारे कोणी उरलेले नसणार. परंतु शासनाच्या पुराभिलेख खात्यातर्फे मोडीचे वर्ग भरविले जातात व त्या खात्याची कचेरी नागपुरास आहे. नागपूरचे विदर्भ संशोधन मंडळही आहे. आपल्या मंडळातील दोन पदवीधर मुलींनी हा वर्ग करण्याची तयारी दाखविली आहे. ज्यांच्याकडे असे कागद असतील त्यांनी ते मेळाव्याच्या दिवशी सोबत आणावेत; छायाचित्रे काढून मूळ कागद त्याच दिवशी परत करण्यात येतील. पत्रांतील खाजगी मजकूर घरच्यांच्या लेखी संमतीवाचून छापला जाणार नाही, आणि ही संमती शक्यतो हाताने लिहून द्यावी.